मला खडी व्हायचे नव्हते

मित्रांनो, मी एक म्हातारा डांबरी रस्ता आहे, आणि मला मोडीत काढायला निघालेल्यांना पुरून उरलो आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधेच कोणी माझ्यासाठी हळहळत बसायला नको. फिनलंडच्या पाइनच्या जंगलातून, तळ्याच्या कडेने वळणे घेत, मी हाउकिलाम्पी गावातून निघतो आणि शहरातल्या इस्पितळाच्या दारात जाऊन थांबतो.

माझा जन्म एका लख्ख उन्हाळ्यात झाला. खडी आणि वाळू भाजून घेतली, त्यात उकळते डांबर घातले आणि तो गरमागरम काला जमिनीवर पसरून त्यावरून रोलर फिरवला. काय तो रुबाब होता माझा! माझ्यावर पहिली गाडी आली ती लाकडाच्या ओंडक्यांचा ट्रक. चालवणारा होता कौको, तेव्हा ऐन तारुण्यातला. तो खाली उतरला, वाकून माझ्यावर तळहात फिरवला आणि म्हणाला, "बरं आहे." आमच्याकडची माणसे स्तुतीच्या बाबतीत फार चिक्कू. कोणी 'बरं आहे' म्हणाले की समजायचे, त्याला मनापासून आवडले आहे. त्या दोन शब्दांवर मी कितीतरी वर्षे छाती पुढे काढून राहिलो.

मग राबणे सुरू झाले. कौकोचे ट्रक, दुधाच्या गाड्या, शाळेची बस. हिवाळ्यात बर्फावरून घसरू नये म्हणून इथल्या गाड्यांच्या टायरांना लोखंडी खिळे असतात. त्या खिळ्यांनी माझी पाठ ओरबाडून चाकांच्या जागी दोन लांबच लांब चर पाडले. चरात पाणी साचे, पाणी गोठे, गोठले की मला भेगा पडत. आणि उन्हाळा काय कमी होता? माझ्या डांबरात एक हलके तेल असते. ते असते म्हणून डांबर चिवट राहते आणि खडीला धरून ठेवते. ऊन आणि वारा ते तेल हळूहळू पिऊन गेले. मी कडक झालो, ठिसूळ झालो, जागोजागी उखडलो. ज्यांनी माझे कौतुक केले होते तेच आता माझ्या नावाने बोटे मोडू लागले.

कौकोही म्हातारा झाला आणि त्याची मूत्रपिंडे थकली. रक्त शुद्ध करून घ्यायला त्याला एक दिवसाआड इस्पितळात जावे लागे. त्याची धाकटी बहीण राइली टॅक्सी चालवते, तीच त्याला नेई. परतताना त्याच्या हाताला नुकत्याच सुया टोचलेल्या असत. माझ्या प्रत्येक खड्ड्याला तो ओठ आवळून घेई.

"मेला, रस्ता आहे की उखळ!" राइली चिडून म्हणे.

"त्याला शिव्या देऊ नकोस," कौको म्हणे. "जन्मभर ओंडके मीच लादले त्याच्यावर."

एका वसंतात बातमी आली. मला दुरुस्त करणे सरकारला परवडत नव्हते. डांबर उखडून टाकायचे आणि नुसता खडीचा रस्ता करायचा, असे ठरत आले होते. खडीचा रस्ता म्हणजे बर्फ वितळताना गुडघाभर चिखल, आणि चिखलात टॅक्सी रुतली तर कौकोचे उपचार चुकणार. डॉक्टरांनी त्याला साफ सांगितले, "रस्ता गेला तर तुम्हाला इस्पितळाजवळ खोली घेऊन राहावं लागेल." म्हणजे तळ्याकाठचे घर सोडायचे, स्वतःच्या हाताने बांधलेले सौनाचे, म्हणजे वाफेच्या अंघोळीचे, न्हाणीघर सोडायचे.  त्या संध्याकाळी कौको काठी टेकत माझ्या कडेला येऊन उभा राहिला, एवढेच. मी मात्र तिथल्या तिथे ठरवले: मी खडी होणार नाही.

पण मित्रांनो, रस्त्याच्या ठरवण्याने काय होते? माणूस लागते. ते माणूस पिर्किताच्या रूपाने आले. ती रस्त्यांची इंजिनिअर. तिने माझ्या अंगातून गोल तुकडे कापून नेले, तपासले आणि मान हलवली. "याच्यातले दगड ठणठणीत आहेत. डांबर तेवढं वाळलंय. मेलेल्याला कोणी जिवंत करत नाही, पण हा मेलेलाच नाही!" तिने वरिष्ठांशी भांडून एका टप्प्याची परवानगी मिळवली. मला जागच्या जागी तापवायचे, खरवडायचे, वाळलेल्या डांबरात पाइनच्या झाडापासून काढलेले तेल मिसळायचे आणि पुन्हा तिथेच अंथरायचे; नवे डांबर घालण्यापेक्षा हे स्वस्त. तो टप्पा परीक्षेत उतरला तर सगळा रस्ता असाच करायचा. नाही उतरला तर खडी.

शरद ऋतूतल्या एका थंड सकाळी यंत्रांची रांग आली. पुढे तापवणारे, मागे खरवडणारे, त्यामागे अंथरणारे, शेवटी रोलर. अंगाची नुसती लाही लाही झाली! पण ते तेल आत उतरू लागले आणि, काय सांगू, दगडांवरची माझी पकड पुन्हा घट्ट व्हायला लागली. यंत्रे गोगलगायीच्या चालीने निघाली होती. थांबायचे मात्र नाही, हा या कामाचा धर्म. थांबले की काला थंड पडतो.

आणि राइलीने घात केला. बिचारीने प्रेमानेच केला! वळणावर जुना लाकडी ओटा आहे, पूर्वी त्यावर दुधाचे कॅन ठेवत. त्यावर तिने टेबलक्लॉथ घातला, कॉफीची किटली मांडली, वेलचीचे गोड पाव रचले आणि हात उंच करून यंत्रांना थांबवले.

मुकादम टाउनो वरून ओरडला, "राइली, थांबता येत नाही गं!"

"थंडीत माझ्या भावासाठी राबताय आणि माझी कॉफी नाकारताय? लाज नाही वाटत?"

आमच्याकडे समोर आलेली कॉफी कोणी नाकारत नाही. टाउनो एका कपापुरता उतरला. पण एका कपावर उठणेही आमच्याकडे बरे दिसत नाही, म्हणून दुसरा झाला. पावाची तारीफ झाली. इकडे यंत्राच्या पोटात मी थंड पडत होतो, आणि मला तोंड कुठे आहे ओरडायला!

नंतर रोलरने कितीही दाबले तरी तो भाग बसेना. दुपारी पिर्किताने तिथला तुकडा कापला, तो तिच्या मुठीत भुसभुशीत झाला.

"नापास," ती म्हणाली.

राइलीचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे खडी? अगं, चूक माझ्या कॉफीची आहे, रस्त्याची नाही!"

"नुसता थंड झालाय तो," पिर्किता विचार करत म्हणाली. "तेल आहे तेवढं पुरे, आणखी घातलं तर चिखलासारखा मऊ होईल. पुन्हा तापवला तर बसेल. पण टाउनो, यंत्रं उद्या दुसऱ्या गावी जाणार ना?"

टाउनोने हातमोजे चढवले. "मग आजच. पण आता न थांबता. आणि ए राइली, तुझी ती किटली माझ्या नजरेसमोरून हलव!"

"हलवते की," राइली म्हणाली आणि तिने खरोखरच किटली हातगाडीवर ठेवली. यंत्रे निघाली तशी तीही शेजारून त्यांच्याच चालीने निघाली. कप चालता चालता भरायचा, चालता चालता हातात द्यायचा. कौको ओट्यावर बसून पाव कापत होता. "ए टाउनो, तोंड उघड, नेम धरतोय!" तो ओरडला, आणि पाव टाउनोच्या हेल्मेटवर आदळला. गडी पोट धरून हसले, पण यंत्र कोणी थांबवले नाही. मी सगळी आग मुकाट्याने सोसली आणि एकेका दगडाला घट्ट धरून बसलो. रोलर गेला तेव्हा मला कळून चुकले होते, या वेळी बसलो.

दुसऱ्यांदा कापलेला तुकडा पिर्किताने दगडावर आपटून पाहिला. काही झाले नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी मला टोकापासून टोकापर्यंत तसाच नवा केला, माझ्याच दगडांनी, माझ्याच डांबराने.

मित्रांनो, जुने झाले की लगेच उखडून फेकू नका. आधी बघा, त्यातले काय वाळले आहे आणि काय अजून धडधाकट आहे. आणि ज्याला गरम असतानाच हात लावायचा असतो, त्याला थंड होऊ देऊ नका. एवढेच माझे मागणे आहे.

काम पूर्ण झाल्यावर कौको पहिल्यांदा इस्पितळाला निघाला तेव्हा त्याच्या हातात बशीत ठेवलेला कॉफीचा उघडा कप होता. त्याला पाणी, कॉफी सगळे जपूनच प्यावे लागते, दिवसाला तो एकच छोटा कप. गाडीत सांडेल म्हणून तो नेहमी घरीच घाईघाईने संपवी. "सीटवर सांडलीस ना, तर चालत पाठवीन!" राइलीने दम दिला. तो तळ्याकडे बघत, एकेक घोट घेत आला. इस्पितळाच्या दारात त्याने बहिणीला बशी दाखवली, ती कोरडी होती. मग तो काठी टेकत खाली उतरला, कसाबसा वाकला आणि माझ्यावर तळहात ठेवला.

"बरं आहे," तो म्हणाला.