लादिनीच्या दिवशी मुकी झालेली गाडी

गाडीत चार स्पीकर होते, डॅशबोर्डवर एक स्टिरिओ, डिकीत एक ॲम्प्लिफायर आणि तीन फ्यूज. आवाज मात्र कुठेच नव्हता. स्टिरिओचा पडदा उजळत होता, पेनड्राइव्हवरच्या रेकॉर्डिंगचे सेकंद पुढे सरकत होते. पण वेनेसाने आवाज शेवटच्या आकड्यापर्यंत नेला तरी दारांतून साधी खरखरही येईना.

संध्याकाळी समुद्रालगतच्या खुरसापाशी, म्हणजे वाडीच्या जुन्या क्रुसापाशी, लादीन ही सामूहिक प्रार्थना म्हणायची होती. वेनेसाचा भाऊ सिडनी याला बोटीवर नोकरी लागली तर त्याच्याच व्हायोलिनवर लादीन म्हणवीन, असा नवस आई इनासिया बोलली होती. नोकरी लागली, आणि त्याच नोकरीपायी सिडनी आता कुठल्यातरी दूरच्या समुद्रात होता. त्याने व्हायोलिन वाजवून रेकॉर्डिंग पाठवलं होतं. गाडी खुरसाशेजारी लावायची, चारही दारं उघडायची आणि ते वाजवायचं, ही युक्ती वेनेसाची. फिजिक्सची पदवी घरात तिच्याकडेच होती.

फ्यूज तिन्ही शाबूत निघाले. तिने टीव्हीच्या रिमोटमधला सेल काढून स्पीकरच्या तारांना टेकवला. चारही स्पीकर 'टक्' असे बोलले. म्हणजे ते जिवंत. ॲम्पचा हिरवा दिवा तेवढा विझलेला. मल्टिमीटरची काळी पिन डिकीतल्या उघड्या पत्र्याला आणि लाल पिन ॲम्पच्या जाड तारेला लावली. १२.५ व्होल्ट. वीज येत होती आणि दिवा लागत नव्हता.

"झाला काय गो?" उकडलेल्या चण्यांचं पातेलं घेऊन जाता जाता इनासियाने विचारलं.

"नाय."

"मगे फोनारच लावया?"

"मम्मी, लाटांत कोणाक ऐकूक येतला?"

"देवाक येतला. पण नवस मी वाडीसमोर बोललंय. माणसांक नको ऐकूक येवक?"

वेनेसाने कुडाळच्या एका ऑडिओवाल्याला फोन लावला. त्याने धड ऐकूनही घेतलं नाही. "ॲम्प गेलो. नवो घाल," म्हणाला आणि फोन ठेवला.

तेवढ्यात डॉमिंगो, तिचा बाप, खांद्यावर जाळं घेऊन अंगणात आला. "एवढा शिकलंस, नि एका रेडियोक बोलतो करूक जमणा नाय?"

"पप्पा, तू गाडयेत काय केलंस? खरा सांग."

"कायेक नाय."

"वायरींक हात लावलंस?"

"माझ्या गळ्याची शपथ. एकाय वायरीक हात लावूक नाय!"

हे तो सकाळपासून तिसऱ्यांदा सांगत होता. वेनेसाने रागाने पुन्हा डिकीत डोकं घातलं, तिचं बोट पत्र्याला खरचटलं. बोट तोंडात धरून ती मीटरकडे बघत राहिली, आणि तिच्या लक्षात आलं की काळी पिन आपण आपल्या सोयीच्या जागी लावली होती. ॲम्प काही त्या जागेला जोडलेला नव्हता. तिने पिन ॲम्पच्या स्वतःच्या काळ्या तारेवर ठेवली. शून्य. तो आकडा बघून तिला आता स्वतःचाच राग आला.

काळी तार स्टेपनीखालच्या एका बोल्टपाशी जात होती. बोल्ट निळा होता. होडीचा निळा.

"पप्पा! ह्यो बोल्ट कोणी रंगवल्यान?"

"मीच. डिकीतले सगळे बोल्ट सोडवून, खालसून रंग मारून परत आवळलंय. खारो वारो लोखाण खाता गो. होडयेचे रंगवतंय तशेच."

"आणि वायरीक हात लावूक नाय म्हणतंस?"

"वायर खंय आसा? ह्यो बोल्ट!"

त्याच्या फायबरच्या होडीत बॅटरीकडून जाणारी तार वेगळी, परत येणारी तार वेगळी, दोन्ही डोळ्यांसमोर. तिथे बोल्ट म्हणजे नुसता बोल्ट. गाडीत मात्र परतीची तार म्हणजे गाडीचा अख्खा पत्रा. आणि त्या पत्र्याच्या आणि तारेच्या टोकाच्या कडीच्या मध्ये डॉमिंगोने मन लावून रंगाचे दोन हात दिले होते.

"सकाळपासून, पप्पा! सकाळपासून मी हयसर..." डॉमिंगो पॉलिश पेपर घेऊन आला.

"घास. पण गंजलो तर माका सांगूक येव नको."

"गंजांदे!"

पत्रा चकचकीत होईपर्यंत दोघं आळीपाळीने घासत राहिली. कडी बसवून बोल्ट आवळला, तसा हिरवा दिवा लागला. आवाज शेवटच्या आकड्यावरच राहिला आहे, हे वेनेसा विसरली होती. व्हायोलिन असं किंचाळलं की कोंबड्या कुंपणापलीकडे गेल्या आणि स्वयंपाकघरातून इनासिया "जेजू!" म्हणून ओरडली.

संध्याकाळी वाडी खुरसापाशी जमली. मेणबत्त्या वाऱ्याने विझत होत्या, त्या पुन्हा लावल्या जात होत्या. वेनेसा सगळ्यांच्या मागे, लाटांच्या बाजूला उभी राहिली आणि फोनवर आवाज मोजू लागली.

नुसता समुद्र: ५८ डेसिबल. सिडनीचं व्हायोलिन सुरू झाल्यावर: ७१.