डब्यांची हजेरी

योगिनीचा प्रश्न आला की माझा डावीकडून दुसरा दिवा क्षणभर भरभर लुकलुकायचा. बाकीचे दिवे स्थिर असत. फरक पापणी लवण्याइतका लहान, पण नीट पाहणाऱ्याला दिसायचा.

मी एक जुना, आता फुटलेला राउटर आहे, मित्रांनो. तुमचा निरोप कोणत्या तारेने पुढे जायचा, ती वाट दाखवणं हे माझं काम. गणपतीपुळ्याच्या रस्त्यावर, जनीमावशींच्या खानावळीच्या भिंतीवर, एका लोखंडी पेटीत माझा मुक्काम होता. जांभ्याची लाल धूळ, खारा वारा, आत शिरणाऱ्या मुंग्या, सगळं सोसून मी गावाला इंटरनेट पुरवलं. मावशी गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायच्या, "आमचा डबा कधी बंद पडत नाय."

आमचे मालक सखाराम. गावोगावी माझे सोबती त्यांनीच बसवले. प्रत्येकाची मांडणी वेगळी: नाव काय, शेजारी कोण, कोणती तार कोणत्या गावाला. पूर्वी ती फक्त त्यांचा मुलगा हर्षद याच्या डोक्यात असे. एखादा राउटर गेला की तो आठवून आठवून नवा जुळवी, आणि तोवर गाव खोळंबून राही. मग त्याच्या बहिणीने, योगिनीने, एक स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला लिहून दिलेल्या आज्ञा. ती रोज सकाळी आमच्या प्रत्येकाच्या दारी येई, सगळी मांडणी विचारून घेई आणि जपून ठेवी. आमच्यातला एखादा मेला, तरी त्याच्या जागी आलेल्या नव्याला ती मांडणी दिली की चहा पिऊन होईतो गाव पुन्हा चालू.

आणि आम्ही मरत होतो. सखारामांचा धाकटा भाऊ महिपत वेगळा झाला होता. त्याने स्वतःची केबल टाकली आणि गिऱ्हाइकं आपल्याकडे वळावीत म्हणून माणसं पाठवून आम्हाला फोडायला सुरुवात केली. एकाला त्यांनी चिऱ्याने ठेचलं. एकाला पेटीसकट पेटवलं. त्याचं प्लास्टिक भिंतीवरून ओघळलं. पण तोडलेलं जसजसं लगेच उभं राही, तसतसा महिपतचा राग वाढत गेला. एकदा खानावळीसमोर गाडी थांबवून तो हर्षदला म्हणाला, "तुझी बहीण रोज डब्यांची हजेरी घेत्ये ना? आता घरच्या माणसांची पण घ्यायला सांग."

सगळ्यांना सगळं माहीत होतं. तरी पोलिसांपुढे सखाराम दर वेळी 'अज्ञात इसम' असंच सांगत. योगिनी वाद घाली. भाऊ आहे, बघू पुढे, एवढंच ते म्हणत.

मग महिपतची माणसं भर दुपारी आली. माझ्या पेटीचं दार उघडून हर्षद शिडीवर उभा होता. एकाने शिडीला लाथ घातली. तो पडला. उठायच्या आत दुसऱ्याने त्याच्या हातावर पहार घातली. करवंटी फुटावी तसा आवाज झाला. मग पाठीवर, मग डोक्यात. जनीमावशींनी चुलीवरचं आमटीचं पातेलं उचलून एकाच्या अंगावर ओतलं. तो किंचाळत रस्त्याकडे पळाला. दुसऱ्याने जाता जाता कोयती काढली आणि माझ्यावर घातली. पातं कवच फोडून निम्म्यापर्यंत आत गेलं. दिवे गेले, कान तेवढे राहिले.

मित्रांनो, यंत्रांची धूळ पुसत जा, त्यांना पाण्यापासून जपा. पण एक ध्यानात ठेवा. मला विचारलं तेवढंच सांगता येतं, आणि तुला कोण मारतंय हे मला कोणी कधी विचारलं नाही. माणसाला मात्र ते विचारतात. तेव्हा गप्प राहू नका. तुमच्या गप्प राहण्याचा मार दुसऱ्या कोणाला तरी बसतो.

संध्याकाळी हवालदार पंचनाम्याला आले. मला खानावळीच्या टेबलावर ठेवलं होतं. जमिनीवरच्या रक्तावर मावशींनी राख टाकली होती. हर्षद रत्नागिरीच्या इस्पितळात बेशुद्ध होता. वाचेल की नाही, हे डॉक्टर सांगत नव्हते. योगिनी या वेळी वाद घालत नव्हती.

हवालदारांनी पेन उघडलं. "काय लिहू, सखारामशेठ? नेहमीसारखं, अज्ञात इसम?"



"नाही," सखाराम म्हणाले. "महिपत. माझा सख्खा भाऊ. लिहा."