धुऊन निघालेला विरजणाचा हार

पहिला आवाज आठवतो तो एका आरोळीचा. मी तेव्हा नुकताच कोरून तयार झालो होतो. आताचा घरधनी ब्रिन्यूल्फ, त्याच्या आजोबांनी कोमट बिअरच्या पिंपात विरजण ओतलं आणि अशी आरोळी ठोकली, की पलीकडच्या गोठ्यातल्या मेंढ्या उठून उभ्या राहिल्या. विरजण घालताना ओरडलं की बिअर कडक होते, असं आमच्या खोऱ्यात मानतात. मला ते ठाऊक नव्हतं. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं.

मी विरजणाचा हार. लाकडाचे बोटभर तुकडे एकमेकांत अडकवून केलेला, चुंबळीएवढा गोल. बिअर आंबली की मला पिंपाच्या तळच्या गाळात बुडवायचे. गाळ माझ्या खाचांत बसायचा, मग मला माळ्यावर खुंटीला टांगून वाळवायचे. पुढच्या नाताळाआधी पुन्हा बुडवलं की तो वाळका गाळ जागा व्हायचा आणि नवी बिअर आंबवायचा. जिवंत तो होता की मी, हे मला कधी नीट उमगलं नाही.

कुणाचं विरजण बिघडलं तर शेजारून आणायचं, अशी रीत. वरच्या शेतावरची गुरो लग्न होऊन आली तेव्हा तिनेही आमच्याकडूनच नेलं होतं. पुढे तिचा नवरा गेला. त्याच्या दफनानंतरच्या जेवणात ब्रिन्यूल्फने तिची बिअर चाखली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "गुरो, यात मोजे धुतलेस काय?" त्याला ती गंमत वाटली. त्यानंतर नऊ वर्षं गुरो आमच्या अंगणात आली नाही.

गेल्या वसंतात ब्रिन्यूल्फला झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. उरले दोन-चार शब्द. त्याची मुलगी सिग्रून बर्गन शहरातली नोकरी सोडून घरी आली. हा नाताळ मिळेल, पुढच्याचं सांगता येत नाही, असं डॉक्टर तिला म्हणाले. तिने ठरवलं, या नाताळात बाबांना घरची बिअर पाजायचीच. पण बिअर तिने जन्मात केली नव्हती, आणि जुन्या पिंपाच्या फळ्या सुकून फटी पडल्या होत्या.

मग ती दुकानांना फोन करू लागली. फोन जिन्यात उभं राहूनच लागायचा, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. एक दुकानदार म्हणाला, प्लास्टिकची बादली पुरे. दुसरा म्हणाला, प्लास्टिक घ्याल तर पस्तावाल. तिसऱ्याने विचारलं, "कोणत्या प्रकारची बिअर करायचीय?"

"बाबांची," सिग्रून म्हणाली.

तो सरळ किमती वाचू लागला.

शेवटी खोकं आलं. झाकणाची पांढरी बादली, नळी, तापमापक, धुण्याची पावडर आणि विरजणाचं एक पाकीट. या पाकिटाने मला कोड्यात टाकलं. ज्याला शेजार नाही, ते विरजण कसलं?

"सगळ्यात आधी स्वच्छता, ताई," दुकानदाराने बजावलं होतं. "जे जे बिअरमध्ये जाणार, ते लखलखीत हवं."

बाबा हा हार पिंपात टाकायचे, एवढं सिग्रूनला आठवत होतं. तिने मला खुंटीवरून काढलं, माझ्यावरची तपकिरी खपली पाहून नाक मुरडलं आणि पावडरीच्या पाण्यात बुडवलं. मला वाटलं, नाताळ लवकर आला. मी आरोळीची वाट पाहत राहिलो. आला तो ब्रश.

"बघा बाबा, कसा नवा झालाय," तिने मला ब्रिन्यूल्फच्या मांडीवर ठेवलं.

त्याने डाव्या हाताचं बोट माझ्या खाचांतून फिरवलं, एकेका खाचेतून. मग बोट हुंगलं.

"गुरो," तो म्हणाला.

"गुरोकाकू? त्यांचं काय?"

"गुरो."

सिग्रून चढण चढून गेली. दुपारी गुरो आली. कोटाच्या आत तिने एक बरणी धरली होती.

"हे कुणी केलं?" मला उचलत तिने विचारलं.

"मी. दुकानदार म्हणाला, आधी सगळं स्वच्छ..."

"झालं की. तुझ्या पणजोबांपासूनचं सगळं स्वच्छ झालं."

तेव्हा सिग्रूनला कळलं. ती स्टुलावर बसली आणि ओल्या हातांनीच तिने तोंड झाकलं.

"ऊठ बाई. या बरणीत तुमचंच आहे. म्हणजे, होतं. तीस वर्षं माझ्या तळघरात राहिलंय. आता कुणाचं म्हणायचं ते तुझ्या बापाला विचार. त्याला चव फार कळते."

ब्रिन्यूल्फ भिंतीकडे बघत होता.

दोघींनी बिअर केली. बादलीला गुरोने नावं ठेवली नाहीत. "गळत नाही ना? मग झालं," म्हणाली. तापमापक मात्र तिने बाजूला सारला आणि कोपर बुडवून पाहिलं.

"काकू, पाकिटावर वीस अंश लिहिलंय."

"इतक्या गारठ्यात तू तरी उठशील का?"

विरजण घातलं, पण गुरो ओरडली नाही. ज्याचं घर त्याने ओरडावं, म्हणाली. सिग्रून लाजून खोकल्यासारखं काहीतरी ओरडली.

नंतर मला गाळात बुडवून पुन्हा टांगलं. आता माझ्या खाचांत कोण बसलंय, आमचं की गुरोचं, मला सांगता येत नाही. वाचणाऱ्यांनो, नवी भांडी खुशाल घ्या. पण घरातलं जुनं काही घासायला घेण्याआधी शेजारी एकदा विचारून या. माझं एवढंच मागणं आहे.

नाताळच्या दुपारी मला टेबलाच्या वरच्या खुंटीला अडकवलं होतं. ब्रिन्यूल्फने डाव्या हाताने पेला उचलला. गुरो कोट न काढता दाराशी उभी होती. तो सावकाश प्यायला, मध्ये थांबला, परत प्यायला. पेला रिकामा झाला.

सिग्रूनने बिअरचा जग उचलला. त्याने पेला तिच्यापासून दूर नेला आणि गुरोपुढे धरला.

आमच्याकडे बिअर घरचाच माणूस ओततो, पाहुण्याला कुणी ओतायला लावत नाही. ही बिअर तुझी, असं त्याला म्हणायचं होतं, की तू या घरची, असं? की मोज्यांबद्दल काही? मी वरून त्याचा चेहरा निरखत होतो, पण मला वाचता आला नाही. गुरोलाही आला नसावा. ती तशीच उभी राहिली. मग तिने सिग्रूनच्या हातून जग घेतला, पेला काठोकाठ भरला, जग टेबलावर ठेवला, डोक्याचा रुमाल घट्ट केला आणि चढणीच्या वाटेला लागली.