बाबांच्या पाण्यातलं विसण

माझ्या सासऱ्यांच्या आंघोळीचं पाणी म्हणजे एक प्रकरणच आहे. आमच्यापैकी कुणाचं त्यात बोट बुडालं तर तो चटक्याने घर डोक्यावर घेईल, आणि बाबा बादली रिकामी करून म्हणणार, "सूनबाई, आज जरा कोमटच होतं हं."

बाबांनी तेलविहिरींवर जन्मभर वेल्डिंग केलं. मी तिथल्याच प्रयोगशाळेत. मध्यंतरी एक पाइप नेमका बाबांनी जोडलेल्या सांध्यापाशी गळायला लागला आणि चौकशी होईपर्यंत साहेबांनी त्यांना घरी बसवलं. "वय झालं, हात कापत असेल," असं कुणीतरी बोललं, तेही बरोब्बर त्यांच्या कानावर गेलं. त्या दिवसापासून त्यांनी हत्यारांना हात लावला नाही. आमच्या फाटकाची बिजागरी तुटलेली. फाटक भिंतीला टेकवून ठेवलेलं, ते तसंच. ते बोलणाऱ्याचा मला असा राग आला होता की काय सांगू.

मला संशय होता जंतूंचा. तेलविहिरीतून तेलाबरोबर जे पाणी वर येतं, त्यात हवेशिवाय जगणारे जंतू असतात. ते सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू सोडतात आणि लोखंड आतून पोखरलं जातं. म्हणून मी त्या पाइपातलं पाणी खिळे टाकलेल्या बाटल्यांत भरून प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या उबदार कपाटात ठेवलं होतं. जंतू असले की बाटली काळी पडते. माझ्या बाटल्या मात्र ढिम्म. चौकशी संपत आली होती आणि बाबांच्या बाजूने दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं.

अशातच एका सकाळी घाईघाईत मी त्यांच्या बादलीत विसण घातलं. आतून आवाज आला, "अगं, गार पाणी कशाला ओतलंस? हे मला नाही मानवत."

मी तांब्या हातात धरून तिथेच उभी राहिले. त्या पाइपला हात लावला तर चटका बसतो, आणि मी त्यातले जंतू कोमट कपाटात वाढवायला निघाले होते. त्यांच्याही पाण्यात मी विसणच घातलं होतं की!

पुन्हा नमुने आणले, पाइपाइतक्याच गरम पेटीत ठेवले आणि रोज डोकावत राहिले. अखेर बाटल्या काळ्याकुट्ट झाल्या. मग साहेबांसमोर पाइपाचा कापलेला तुकडा भिंगाखाली धरला.

संध्याकाळी एक बाटली, घट्ट बंद करून, घरी आणली. बाबांनी ती उजेडात धरली.

"एवढ्या गरम पाण्यात जगतात हे?"

"जगतात कसले, मजेत वाढतात. तुमचेच भाऊबंद."

ते हसले नाहीत. "आणि सांधा?"

"सांधा धड आहे, बाबा. त्याच्या शेजारचा पाइप आतून खाऊन टाकलाय. साहेबांनी स्वतः पाहिलं. सोमवारपासून बोलावलंय तुम्हाला."

त्यांनी बाटली खाली ठेवली आणि हात माझ्यापुढे धरला. "नीट बघ. कापतो का गं?"

मी तो हात दोन्ही हातांत घेतला. अगदी स्थिर होता. "नाही कापत, बाबा," मी म्हटलं.

 ते डोळे पुसून उठले आणि म्हणाले, "त्या फाटकाची बिजागरी कुठे ठेवलीयस?"