अण्णांची ट्रायल

सलूनच्या काचेवर ‘अनुभवी हेअर स्टायलिस्ट पाहिजेत’ असा कागद लागून बरेच महिने झाले होते. कागद पिवळा पडला, पण माणूस काही मिळेना. ही एका मोठ्या कंपनीची शाखा होती आणि अण्णांची सून तिथे मॅनेजर होती. दोन खुर्च्या रिकाम्या असायच्या आणि सोफ्यावर गिऱ्हाइकं ताटकळत बसायची.

चांगल्या हाताच्या दोघी पाठोपाठ सोडून गेल्या होत्या. एकीने घरोघरी जाऊन काम करायला सुरुवात केली. फोनवर वेळ ठरवायची आणि आपणच आपली मालकीण. दुसरी प्रवासी जहाजावरच्या सलूनमध्ये लागली. नव्या मुली मुलाखतीला यायच्या, पण उलट प्रश्न त्याच विचारायच्या. शनिवार-रविवार सुट्टी मिळेल का? पगाराऐवजी खुर्चीच भाड्याने देता का, गिऱ्हाइकं आमची आम्ही आणू? एकीने फोनवर आपल्या कामाचे व्हिडिओ दाखवले आणि सलूनला फॉलोअर्स किती ते विचारलं. आणखी एक ट्रायलला आली, झकास काम केलं आणि जेवायच्या सुट्टीत जी गेली ती गेलीच. सुनेला त्यांचा राग येत नसे. दिवसदिवस उभं राहून तिच्याही पायांच्या शिरा फुगल्या होत्या. पण दर सोमवारी हेड ऑफिसचा फोन यायचा, “मॅडम, जागा भरल्या का?”

घरी वेगळंच. अण्णांचं कोपऱ्यावरचं कटिंगचं दुकान बंद झालं होतं. जागामालकाने ती जागा मोबाइलवाल्याला दिली. उभं आयुष्य दुकानात घालवलेला माणूस घरी बसला. आधी त्यांनी घरातल्या कात्र्यांना धार लावली, मग सुऱ्यांना, मग शेजाऱ्यांच्या सुऱ्यांना. तेही संपल्यावर गॅलरीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या माना बघू लागले. “याची मागची लाइन कोणी मारलीय?” एवढंच कधीतरी स्वतःशी पुटपुटायचे.

एका सकाळी रिसेप्शनवरची मुलगी सुनेच्या केबिनमध्ये डोकावली. “मॅडम, ट्रायलसाठी एक काका आलेत.”

आत आले ते अण्णा. इस्त्रीचा शर्ट, चापून बसवलेले केस, काखेत अवजारांची चामडी पिशवी.

“अण्णा, तुम्ही? घरी काही झालं का?”

“घरी काय व्हायचंय? काचेवर कागद लावलाय ना तुम्ही. अनुभवी माणूस पाहिजे म्हणून.” रिसेप्शनवरची मुलगी दारातच होती, म्हणून त्यांनी सुनेला ‘तुम्ही’ म्हटलं. मग जरा चाचरत म्हणाले, “बसू का, मॅडम?”

सुनेला हसावं की रडावं कळेना. त्यांना नुसतं चहा पाजून परत पाठवणं सोपं होतं. पण ते शर्टाला इस्त्री करून आले होते. तिने रीतसर ट्रायल घ्यायची ठरवली.

पुरुषांच्या कटिंगमध्ये बोलायला जागाच नव्हती. आलेलं गिऱ्हाईक आरशात बघून खूश होऊन गेलं. पण शाखेत येणाऱ्यांत बहुतेक बायकाच. सून म्हणाली, “अण्णा, आता लांब केसांचं बघावं लागेल.” रिसेप्शनवरची मुलगी आपणहून खुर्चीत बसली. तिला फक्त टोकं सारखी करून हवी होती.

अण्णांनी कंगवा फिरवला, केस बोटांत धरले आणि सवयीने कात्री चालवली. एक बाजू वर गेली. ती जुळवायला दुसरी कापली, तर ती आणखी वर. पुन्हा पहिली. हात थांबेना. पाठीवर रुळणारे केस खांद्यावर येऊन टेकले, तेव्हा सून पुढे झाली आणि तिने हलकेच त्यांच्या हातातली कात्री घेतली. मुलीने आरशात पाहिलं. तिचे डोळे भरून आले.

सुनेने तिचे केस होते तेवढ्यात नीट बसवून दिले. मग केबिनमध्ये येऊन दार लोटलं.

“अण्णा, नाही घेता येणार मला.”

“बरोबर आहे,” अण्णा म्हणाले. त्यांनी एकेक अवजार पुसून पिशवीत ठेवलं. जाताना ते रिसेप्शनपाशी थांबले. “पोरी, चुकलो. माफ कर.” आणि मान खाली घालून गेले.

संध्याकाळी सून आणि तिचा नवरा जेवायला बसले. सासूबाई भांडी जरा जास्तच आपटत होत्या. शेवटी म्हणाल्याच, “बाहेरच्या कोणालाही घेतेस, आणि घरच्या माणसाला दारातून परत पाठवलंस.”

“आई, मी त्यांना खुर्ची दिली असती, तर रोज एका बाईचे केस वाया गेले असते.”

“तुला बोलायला काय जातंय? त्यांनी दुपारपासून पाणीसुद्धा घेतलेलं नाही.”

नवरा मूग गिळून ताटाकडे बघत होता. आई आणि बायको यांच्यामध्ये तोंड उघडण्याएवढा तो अजून वेडा झालेला नव्हता. तेवढ्यात अण्णाच गॅलरीतून आत आले.

“तिला बोलू नकोस,” ते बायकोला म्हणाले. “त्या पोरीची काय दशा केली मी. मी मालक असतो तर मलाही घेतलं नसतं.” मग ते सुनेसमोर येऊन बसले. “शिकवशील का?”

सुनेने ताट बाजूला सारलं. या घरात आल्यापासून अण्णांनी तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती सलूनमधून सरावाची डमी घेऊन आली. लांब केसांचं नुसतं डोकं स्वयंपाकघरातल्या टेबलाला स्क्रूने बसवलं. ते आपल्याकडे टक लावून बघतं म्हणून सासूबाई त्यावर टॉवेल टाकून भाजी चिरायच्या. सुट्टीच्या दिवशी टॉवेल निघायचा आणि सासरा-सुनेची शाळा भरायची.

“अण्णा, तुमचा हात केस काढायला जातो,” सून सांगायची. “इथे ठेवायला शिका. बाई खुर्चीत बसते ती काय जाईल या धास्तीने.”

अण्णा चिडायचे, डमीला शिव्या द्यायचे, कात्री ठेवून गॅलरीत जायचे आणि थोड्या वेळाने मुकाट्याने परत यायचे. रंग कालवायला शिकले तेव्हा बेसिन तांबडं झालं आणि सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला. हळूहळू मात्र हात आवरायला लागला. डमीच्या डोक्यावर कापण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा सासूबाईच खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी अंबाडा सोडला.

“बघताय काय? कापा. पण थोडेच.”

इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला केसांना हात लावू दिला नव्हता. अण्णांनी केस विंचरायलाच बराच वेळ लावला. कापले ते बोटाच्या पेराएवढे. सासूबाई आरशात पाहून म्हणाल्या, “ठीक आहेत,” आणि संध्याकाळी शेजारणीला दाखवून आल्या.

सुनेने त्यांना आपल्या शाखेत घेतलं नाही. घरच्या माणसाची परीक्षा आपण घेऊ नये, असं तिला वाटलं. कंपनीच्या दुसऱ्या शाखेतही जागा रिकाम्या होत्या. तिथे अण्णा सुनेचं नाव न सांगता गेले. त्यांना घेतलं, पण शिकाऊ म्हणून: केस धुवायचे, टॉवेल घड्या करायचे, जमिनीवरचे केस गोळा करायचे, कात्रीचं नंतर बघू. त्यांची वरिष्ठ होती विशीतली एक मुलगी. अण्णांनी विचार करायला एक रात्र मागून घेतली.

“लोक काय म्हणतील?” सुनेच्या नवऱ्याने विचारलं.

“काय म्हणायचंय? म्हातारा कामाला लागला म्हणतील,” अण्णा म्हणाले.

पहिल्या दिवशी ते घरी आले तेव्हा पाय सुजले होते आणि शाम्पूने बोटं चिरली होती. चहाचा कप नीट धरवेना. सुनेने क्रीमची ट्यूब आणली आणि त्यांच्या बोटांना लावू लागली. तिला वाटलं, आता म्हणतील, उद्यापासून जात नाही. पण अण्णा बोलायलाच लागले, ते थांबेनात. एका बाईला मान मागे टेकवता येत नव्हती, तर त्यांनी टॉवेलची गुंडाळी करून मानेखाली दिली. ती तिथेच झोपी गेली. तिथल्या विशीतल्या मॅडम ओरडतील असं वाटलं होतं, पण त्याच म्हणाल्या, झोपू दे पाच मिनिटं. ड्रायर कसा धरायचा तेही मॅडमनीच दाखवलं. हुशार पोरगी आहे, फार दिवस टिकणार नाही इथे, स्वतःचं काहीतरी काढेल.

सासूबाई ऐकता ऐकता पोळ्या लाटायच्या थांबल्या होत्या. दुकान बंद झाल्यापासून अण्णा एका दमात एवढं बोलले नव्हते.

“म्हणजे उद्या जाणार?” त्यांनी विचारलं.

“जाणार म्हणजे? दहाला पोचायचंय. शर्टाला इस्त्री आहे का बघ.”

सुनेने दुसरा हात पुढे घ्यायला सांगितला. तिलाही सकाळी एक मुलाखत घ्यायची होती. लहान मूल असलेली बाई होती, फक्त दुपारपर्यंत काम मागत होती. कालपर्यंत सुनेने तिला नाही म्हणायचं ठरवलं होतं. आता बोटांच्या चिरांत क्रीम जिरवता जिरवता ती त्या बाईच्या वेळा मनात जुळवून पाहत होती.