लाल पाटी

"तासाला दोन पॅड पूर्ण भिजले आणि असं सलग दोन तास चाललं, तर वाट बघत बसायचं नाही. सरळ इकडे यायचं," नर्स म्हणाली.

लिफ्टमिस्त्रीनं खिशातून सर्व्हिस-कार्ड काढलं आणि 'बिघाड' या रकान्यात ते लिहून घेतलं.

"अहो, छापील कागद दिलाय की!"

"असू दे. हातानं लिहिलं की डोक्यात राहतं."

पडद्यामागे त्याची बायको पोटावर गरम पिशवी घेऊन पडली होती. गर्भपाताला दहा मिनिटंही लागली नव्हती. लिफ्टच्या दाराला तेलपाणी करायला याहून जास्त वेळ लागतो, असं मिस्त्रीच्या मनात आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

"कळा येतील, त्यावर ही गोळी. रक्तस्राव आठवडा-दोन आठवडे कमी-जास्त होईल, मध्येच थांबून पुन्हा सुरू होईल. ताप आला, घाण वास आला किंवा गोळी घेऊनही दुखायचं थांबेना, तर फोन करा. दोन आठवडे संबंध नाही. पाळी चार ते सहा आठवड्यांनी येईल, पण त्याआधीही दिवस राहू शकतात, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेलं साधन आजपासूनच."

"आणि ती नेहमीसारखी कधी होईल?"

"दोन-चार दिवसांत कामाला लागतील की."

"तसं नाही... नेहमीसारखी."

नर्सनं आता त्याच्याकडे नीट पाहिलं. "रडू आलं तर घाबरू नका. नाही आलं तरी घाबरू नका. सुटल्यासारखं वाटेल, वाईट वाटेल, कधी दोन्ही वाटेल. सगळं चालतं."

मिस्त्रीचं पेन थांबलं. दिवा लागला तरी ठीक आणि नाही लागला तरी ठीक, असं यंत्र बावीस वर्षांत त्याच्या हाताखालून गेलं नव्हतं. पुढचा रकाना कोराच राहिला.

घरी आल्यावर बायको झोपली. बारा वर्षांची मुलगी शाळेतून आली की दार ढकलून आत घुसणार, हे ठरलेलं. मिस्त्रीनं हत्यारांच्या पिशवीतून लाल पाटी काढली आणि खोलीच्या कडीला अडकवली. 'काम चालू आहे. बटण दाबू नये.'

संध्याकाळी बायकोनं ती पाहिली. "मी लिफ्ट आहे का रे?"

"कुणी त्रास देऊ नये म्हणून."

"मग काढ आता."

"बरी झालीस की काढतो. ज्यानं अडकवली त्यानंच काढायची, असा नियम आहे."

हा नियम त्याच्या उस्तादानं शिकवला होता. उस्तादाला बोटं आठच होती, त्यामुळे नियमाचं कारण कुणी विचारत नसे.

बायको चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायची. हे स्पष्ट की ते, असं दिवसातून शंभरदा विचारून तिला समोरच्याकडून नेमकं उत्तर काढायची सवय झाली होती. दुसऱ्या दिवशी मिस्त्री थर्मामीटर घेऊन आला, तेव्हा तिनं विचारलं, "तुला हवं होतं का?"

"काय?"

"तुला माहितीय काय."

"मी म्हटलं होतं ना, तू म्हणशील तसं."

तीन आठवड्यांपूर्वी ती म्हणाली होती, दिवस गेलेत आणि मला नकोय. त्यावर त्यानं हेच उत्तर दिलं होतं. समंजस नवऱ्यानं द्यावं असं उत्तर दिलं, म्हणून तेव्हा तो स्वतःवर किंचित खूशही होता.

"मी केलं ते मला बरोबरच वाटतं," ती म्हणाली. "उद्या पुन्हा वेळ आली तर हेच करीन. पण ते मी एकटीनं केलं की आपण दोघांनी, तेवढंच कळत नाहीये."

मिस्त्रीनं थर्मामीटर पाहिलं. "ताप नाही," तो म्हणाला.

तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती रडली. दुपारी मुलीनं दाराबाहेरून ओरडून विचारलं, "आई, बटण न दाबता आत येऊ का?" तेव्हा पोट धरून हसली. मिस्त्रीनं कागद पुन्हा वाचला. दोन्ही चालतं. एकही गोष्ट चुकत नव्हती आणि त्याला काहीच समजत नव्हतं.

चौथ्या दिवशी तो कामावर गेला. सहा मजली इमारत, दोऱ्यांची तपासणी. केबिनच्या टपावर उभं राहून तो काम करत होता. तेवढ्यात खालून एका म्हातारीचा आवाज आला, "अहो मिस्त्री, आहात की गेलात? वीस मिनिटं झाली, काहीच वाजत नाहीये!"

मिस्त्रीनं पाहिलं, तर तो खाली बसला होता. पाना हातात, हात मांडीवर. केव्हा बसलो हे त्याला आठवेना. डोळे पुसले, तर ग्रीस गालाला लागलं.

रात्रीच्या जेवणाआधी तो बायकोच्या पायाशी येऊन बसला.

"मला नको होतं," तो म्हणाला. "आपलं वय, खोल्या दोन, तुझं काम... नकोच होतं. तू नको म्हणालीस तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. ते बोललो नाही."

"हं."

"आणि आज लिफ्टवर वीस मिनिटं बसून होतो. कशाला, ते माहीत नाही. नको होतं, तर मग हे काय आहे?"

"हे स्पष्ट की ते?" तिनं विचारलं. आवाज दुकानातला होता.

"दोन्ही सारखंच धूसर."

"माझंही," ती म्हणाली आणि सरकून त्याला जागा करून दिली. "मग दोघांनी केलं."

पाचव्या दिवशी सकाळी ती तयार होऊन दाराशी उभी राहिली. पर्समध्ये गोळ्या, पॅड आणि चष्मा पुसायचं फडकं.

"काढ ती पाटी. मला जायचंय."

त्यानं काढली. तिनं हात पुढे केला. "दे इकडे."

मिस्त्री अंघोळ करून आला, तेव्हा मायलेकी दोघी गेल्या होत्या. खुंटीवर त्याचा कामाचा शर्ट होता आणि शर्टावर लाल पाटी.

 त्यानं साहेबांना फोन लावला.

"आज येत नाही."

"का? काय झालं?"

"काम चालू आहे," मिस्त्री म्हणाला.

पाटीला हात न लावता तो खुंटीखालच्या खुर्चीवर बसला. चष्म्याचं दुकान सात वाजता बंद होत असे.