रुईवरचा कोष

कुशाबाई पंचवीस वर्षं अंगणवाडीत शिकवत होत्या, आणि शिकवायच्या ते उघड्यावर. चार भिंतींत मुंगीचं वारूळ कसं दाखवणार, असं त्यांचं म्हणणं. महाळुंगे पडवळची तीन-चार वर्षांची पोरं त्यांच्या मागे बांधाबांधाने हिंडायची.

ही हौसच शेवटी अंगाशी आली. रुईवरची अळी दाखवताना चिखलात एक बिननखांचा ठसा दिसला. बाईंनी तोही शिकवून टाकला. "नखं उमटली तर कुत्रं, न्हाई उमटली तर बिबट्या." धडा इतका पक्का झाला की अकराही पोरांनी तो रात्री जेवताना घरी म्हणून दाखवला. दुसऱ्या दिवशी आईबापांनी एकही पोर पाठवलं नाही.

त्याला बारा दिवस झाले. बाई रोज सतरंजी अंथरून बसायच्या आणि दुपारी गुंडाळून ठेवायच्या. मुलगा चाकणला, त्यामुळे घरीही बोलायला कोणी नव्हतं. इकडे अळीचा कोष झाला होता. फुलपाखरू निघताना सगळे मिळून बघू, असं त्यांनी पोरांना कबूल केलं होतं.

आज कोष काळपट पडला, आतले नारिंगी पंख दिसू लागले. पोरं येत नाहीत तर कोषच न्यावा, म्हणून बाईंनी फांदी तोडून तांब्यात खोचली आणि त्या अकरांतल्या संस्कृतीच्या घराकडे निघाल्या.

घर पन्नास पावलांवर आलं आणि उसाच्या कडेला कोष उकलला. ओले, चुरगळलेले पंख लोंबू लागले. आता धक्का लागला तर ते जन्माचे वाकडे होणार. वाळेस्तोवर हलवायचं नाही, हे त्यांनीच शिकवलेलं. पोरीला हाक मारावी का? पण बिबट्या दडतो त्या उसाजवळ तिला बोलवायला जीभ रेटेना.

बाई तिथंच मातीत बसल्या, तांब्या मांडीवर धरून. तासाभराने फुलपाखरू उडालं आणि उसावरून निघून गेलं. इतकं देखणं, आणि बघ म्हणायला शेजारी कोणी नाही. बाईंना रडू आलं.

संस्कृतीच्या आईनं, तेजस्विनीनं, दार अर्धंच उघडलं. तिच्या हाताखालून पोर पुढे आली आणि रिकाम्या कोषाकडे बघत राहिली.

"गेलं?"

"गेलं, बाळा."

"आमाला सोडून तुमी एकट्यांनीच बघितलं?"

"व्हय," बाई म्हणाल्या. "एकटीनंच."